हेडलीव्हिलची सज्जन माणसं

‘हाय नून’ मी जितक्या वेळा पाहते तितकी मला फ्रँक मिलर नावाच्या गुंडाची भीती कमी वाटते आणि हेडलीव्हिल नावाच्या गावाची जास्त वाटते. मिलर तर सिनेमा संपत आला तरी नीट दिसत नाही. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर बसून बाराच्या गाडीची वाट पाहतात, एकजण माउथ ऑर्गन वाजवतो, दुसरा दारूसाठी गावात चक्कर मारून येतो. बाकी जे घडतं ते सगळं गावात, आणि घडवणारी माणसं सज्जन आहेत. रविवारी चर्चला जाणारी, मुलांचे कपडे नीटनेटके ठेवणारी, एकमेकांना नावानं ओळखणारी.

१९५२ सालचा हा कृष्णधवल वेस्टर्न. दिग्दर्शक फ्रेड झिनेमान, पटकथा कार्ल फोरमनची, मुख्य भूमिकेत गॅरी कूपर. गोष्ट चार ओळींत सांगता येते. गावाचा मार्शल, म्हणजे कायदा राखणारा अधिकारी, विल केन लग्न करून, कमरेचा पट्टा आणि छातीवरचा बिल्ला उतरवून बायकोबरोबर गाव सोडायच्या बेतात आहे. तेवढ्यात तार येते की ज्याला त्यानं पाच वर्षांपूर्वी पकडून दिलं होतं, त्या फ्रँक मिलरला माफी मिळाली आहे आणि तो बाराच्या गाडीनं येतोय. नवा मार्शल उद्या यायचा आहे. मित्रमंडळी नवराबायकोला जवळजवळ ढकलून घोडागाडीत बसवतात. केन गावाबाहेर थोडं अंतर जातो, लगाम खेचतो आणि गाडी मागे वळवतो.

तेव्हा साडेदहा वाजून गेलेले असतात. पुढचा सिनेमा जवळजवळ घड्याळाच्या काट्याबरोबर चालतो. पाऊण-एक तासात केनला माणसं गोळा करायची आहेत, आणि आपण पाहतो ते एवढंच की हा माणूस एकेका दारावर जातो आणि परत येतो. वेस्टर्न म्हटलं की घोड्यांच्या टापा, डोंगरकडे, धुळीचे लोट, पाठलाग डोळ्यांसमोर येतात. इथे त्यातलं काही नाही. एक पन्नाशीचा थकलेला माणूस भर उन्हात चालतोय. छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बीनं आकाश मुद्दाम पांढरंफटक ठेवलं, कारण त्याला आणि झिनेमानला अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातल्या मॅथ्यू ब्रेडीच्या छायाचित्रांसारखा कोरडा, रखरखीत पोत हवा होता. कूपरच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही झाकलेल्या नाहीत. चित्रीकरणाच्या दिवसांत तो खरोखरच पाठदुखी आणि अल्सरनं बेजार होता. तो चालताना जो जडपणा दिसतो, तो सगळाच अभिनय नाही.

पण मला बोलायचंय ते त्या दारांबद्दल.

पहिलं दार न्यायाधीशाचं. यानंच सकाळी केनचं लग्न लावलं, यानंच मिलरला शिक्षा सुनावली. केन परत येतो तेव्हा हा गृहस्थ भिंतीवरचा झेंडा उतरवून घडी घालतोय, न्यायाचा तराजू पिशवीत भरतोय. हात चालू ठेवूनच तो अथेन्सचा इतिहास ऐकवतो: लोकांनी हाकलून दिलेला जुलमी राजा भाडोत्री सैन्य घेऊन परत आला, तेव्हा त्याच लोकांनी वेशीची दारं उघडली आणि आपल्या राज्यकर्त्यांची कत्तल उभं राहून पाहिली. इतका शिकलेला माणूस, इतका नेमका दाखला, आणि त्याचा उपयोग काय तर स्वतःचा घोडा लवकर जुंपायला. आपण अनेक गावांत न्यायाधीश होतो आणि पुढेही कुठेतरी होऊ, असं तो सांगतो. त्याच्या आवाजात लाज नाही, घाई आहे.

मग उपमार्शल हार्वी. तरुण, धट्टाकट्टा. त्याला केनच्या जागेवर नेमणूक हवी होती, ती झाली नाही. तो सौदा मांडतो: माझ्यासाठी शब्द टाक, मी थांबतो. केनला माणसाची इतकी गरज असूनही तो हा सौदा करत नाही. मग दारूचा गुत्ता. तिथे तर मिलरचे चाहतेच बसलेत, कारण तो असताना गावात पैसा खेळत होता, धंदा चालत होता. हॉटेलचा कारकूनही केनच्या नव्या बायकोला तोंडावर हेच सांगतो. हे लोक निदान आडपडदा ठेवत नाहीत.

सॅम फुलरचं दार मात्र मला पाहवत नाही. सॅम केनचा मित्र. केन येताना खिडकीतून दिसतो तसा सॅम बायकोला सांगतो, मी घरात नाही म्हण. ती दार उघडते. नवरा चर्चला गेलाय म्हणते. तुझ्याशिवाय? केन विचारतो. ती कशीबशी उत्तर देते. केनला कळतं, तिला कळतं की त्याला कळलंय, आणि तरी दोघं ते वाक्य पूर्ण करतात, कारण तिला दारात उभं करून आणखी शरमिंदं करणं त्याला जमत नाही. दार लागतं. आतल्या बाजूला सॅम बायकोवरच डाफरतो: तुला काय हवंय, मी मरायला हवाय का, विधवा व्हायचंय का तुला? ती खालच्या आवाजात नाही म्हणते. मिनिटभराचा प्रसंग असेल. हॅरी मॉर्गनचा तो चिडका, घाबरा चेहरा मी विसरू शकत नाही, पण त्याहून त्या बाईचा. नवऱ्याच्या भित्रेपणाची सगळी लाज तिनं एकटीनं वाहिली आणि वर बोलणीही खाल्ली.

हर्ब बेकर वेगळा. तो सुरुवातीला आपणहून येतो, मी तुझ्याबरोबर आहे म्हणतो, हात मिळवून जातो. बारा वाजत आले की कचेरीत परत येतो. बाकीची माणसं कधी येणार, विचारतो. केन सांगतो, बाकीचं कुणी नाही, आपण दोघंच. हर्बला आधी ती थट्टा वाटते. मग चेहरा उतरतो. बायकोमुलं आठवतात. अजून माणसं मिळव, मी येतो, असं म्हणत म्हणत तो दाराकडे सरकतो. केन त्याला एका शब्दानं दोष देत नाही. मुलांकडे घरी जा, म्हणतो. इथे मला हर्बचा राग येत नाही, आणि हाच प्रसंग मला सगळ्यात जास्त छळतो. दहाजण असते तर तो नक्की उभा राहिला असता. अकरावा म्हणून तो शूर होता. दुसरा म्हणून व्हायची त्याची तयारी नव्हती.

मधे एक चौदा वर्षांचा मुलगा येतो, मी सोळाचा आहे म्हणून खोटं सांगतो. एक डोळा गमावलेला दारुडाही येतो. दोघांनाही केन परत पाठवतो. गावात लढायला तयार असलेले एवढेच.

चर्चमधला प्रसंग तर शाळा-कॉलेजात नागरिकशास्त्राच्या तासाला दाखवावा असा. केन प्रार्थना थांबवून मदत मागतो. काही माणसं ताडकन उठतात, आणि क्षणभर वाटतं, झालं काम. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, थांबा, हे केन आणि मिलरचं खासगी भांडण आहे. मुलांना बाहेर काढलं जातं. मग चर्चा सुरू होते, आणि चर्चा सुरू झाली की उठलेली माणसं बसतात. आम्ही मार्शलच्या पगारासाठी पैसे मोजतो, मग आमचं काय काम, असं एकजण म्हणतो. मिलरला सोडलं वरच्या राजकारण्यांनी, निस्तरायचं आम्ही का, असं दुसरा म्हणतो. एक बाई उठून सगळ्यांना आठवण करून देते की याच केनमुळे या गावात बाईमाणूस दिवसाढवळ्या रस्त्यावरून चालू शकतं. धर्मगुरूला विचारलं तर तो म्हणतो, हत्या करू नये ही आज्ञा आहे, आणि ती करायला आपण पगारी माणसं नेमतो. पुढे त्याच्याकडे शब्द नाहीत.

शेवटी महापौर हेंडरसन उठतो. थॉमस मिचेलनं हा माणूस इतका लाघवी केलाय की पहिल्यांदा पाहताना आपण हमखास फसतो. तो म्हणतो, हा आपला प्रश्न आहे, कारण हे आपलं गाव आहे. केनचं या गावावर ऋण आहे. यापेक्षा चांगला मार्शल आपल्याला मिळणार नाही. लोक माना डोलावतात, केनच्या चेहऱ्यावर आशा दिसते. आणि मग त्याच गोड आवाजात भाषण वळण घेतं. उत्तरेकडचे लोक इथे पैसा घालायचा विचार करताहेत. दुकानं येतील, कारखाने येतील. रस्त्यावर गोळीबार झाल्याची बातमी गेली तर सगळं धुळीला मिळेल. मिलर येईल तेव्हा केनच इथे नसेल, तर गडबड होणारच नाही. म्हणून विल, तू जा. तुझ्यासाठी आणि आमच्यासाठी. केन एवढंच म्हणतो, आभारी आहे. आणि निघतो.

एखाद्या माणसाला एकटं पाडायचं तर आधी त्याचा सत्कार करावा लागतो, हे फोरमनला कुठून कळलं असेल? उत्तर त्याच्या त्या वर्षीच्या आयुष्यात आहे.

१९४७ पासून अमेरिकी काँग्रेसची एक समिती हॉलिवुडमधले कम्युनिस्ट शोधत होती. पहिल्या फेरीत दहाजण तुरुंगात गेले. १९५१ मध्ये दुसरी फेरी सुरू झाली आणि फोरमनलाही समन्स आलं. तो पूर्वी पक्षाचा सभासद होता, आता नव्हता. समितीला एवढं पुरत नसे. जुन्या सोबत्यांची नावं घ्या, मग सुटाल, असा तो मामला होता. ‘हाय नून’चं चित्रीकरण चालू असताना, सप्टेंबर १९५१ मध्ये तो समितीसमोर उभा राहिला. आपण सध्या सभासद नाही हे त्यानं सांगितलं, भूतकाळाबद्दल बोलायला आणि नावं घ्यायला नकार दिला. ओळखीची माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागली. निर्माता स्टॅन्ली क्रेमरबरोबरची भागीदारी तुटली. सहनिर्माता म्हणून त्याचं नाव पडद्यावर आलं नाही, फक्त लेखक म्हणून राहिलं. चर्चमधला प्रसंग म्हणजे आपल्या भागीदारांबरोबर आणि वकिलांबरोबर झालेल्या बैठकांचा अर्क आहे, आणि ‘बाकीचे कुठे आहेत?’ विचारणारा माणूसही प्रत्यक्षातूनच आला, असं फोरमननं पुढे सांगितलं आहे. सिनेमा प्रदर्शित झाला तोवर तो इंग्लंडला निघून गेला होता.

म्हणून ती कारणं इतकी खरी वाटतात. ती कुणी रचलेली नाहीत, ऐकलेली आहेत.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी काही वर्षांपूर्वी आपल्या कचेरीत वरिष्ठाविरुद्ध लेखी तक्रार केली. खरी तक्रार होती, आणि ती खरी आहे हे त्या मजल्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. कँटीनमध्ये सगळे त्यांच्या बाजूनं बोलत. साक्षीसाठी सही मागितली तेव्हा एकाची बदली अडकलेली होती, एकीची मुलगी बारावीला होती, एकाच्या घराच्या कर्जाचे हप्ते चालू होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यांच्या धैर्याचं मनापासून कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले, आता तुम्हीच थोडं समजुतीनं घ्या, संस्थेचं नाव खराब होतंय. त्या बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मला थॉमस मिचेलचा तो हसरा चेहराच दिसला. बारावीची मुलगी खरी होती. हप्ते खरे होते. या सिनेमाची ताकद हीच की तो त्या कारणांना खोटं म्हणत नाही. तो प्रत्येकाला पुरेसा वेळ देतो, प्रत्येकाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतो. आणि मग घड्याळ दाखवतो.

सगळ्यांना हा सिनेमा पटला नाही. वेस्टर्न सिनेमांचा नामवंत नायक जॉन वेननं पुढे १९७१ च्या एका गाजलेल्या मुलाखतीत याला आपण पाहिलेली सगळ्यात अमेरिकाविरोधी गोष्ट म्हटलं, आणि शेवटी कूपर बिल्ला पायाखाली तुडवतो असंही सांगितलं. केन बिल्ला तुडवत नाही. तो काढून धुळीत टाकतो. फोरमनला देशाबाहेर घालवण्यात आपला हात होता याचा आपल्याला पश्चात्ताप नाही, हेही वेन त्याच मुलाखतीत म्हणाला. आणि १९५३ च्या ऑस्कर समारंभात कूपर हजर नव्हता, तेव्हा त्याच्या वतीनं याच भूमिकेचं पारितोषिक स्वीकारायला व्यासपीठावर गेला तो वेनच. ही भूमिका मला का मिळाली नाही, हे आता माझ्या व्यवस्थापकाला विचारतो, असं तो त्या रात्री म्हणाला होता.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सनं तर या सिनेमाला उत्तर म्हणून वेनला घेऊन १९५९ मध्ये ‘रिओ ब्राव्हो’ काढला. चांगला शेरीफ गावभर मदतीची याचना करत फिरत नाही, हे त्याचं म्हणणं. त्याचा शेरीफ आलेली मदतही नाकारतो: हे काम शिकलेल्या माणसांचं आहे, संसारी माणसांना यात ओढू नका. ‘रिओ ब्राव्हो’ मला फार आवडतो. डीन मार्टिननं केलेला दारूत बुडालेला आणि हळूहळू सावरणारा मदतनीस मी कधीही पुन्हा पाहीन. पण उत्तर म्हणून तो सिनेमा मला अपुरा वाटतो. त्यातल्या शेरीफनं कितीही नाकारलं तरी मदत येतच राहते: एक दारुडा, एक लंगडा म्हातारा, एक पोरगा, एक बाई, एक हॉटेलवाला. ऐन वेळी कुणी ना कुणी दार उघडतं. ज्याला कुणीतरी येणारच आहे, त्याला कुणाची गरज नाही असं म्हणणं सोपं आहे. आणि मागणं म्हणजे दुबळेपणा, हे मला मान्यच नाही. कायदा सगळ्या गावाचा असेल तर त्यासाठी गावाकडे जाणं हाच मार्शलचा हक्क आहे. केन भीक मागत नाही. गावाचंच देणं तो गावाला आठवण करून देतोय.

झिनेमान स्वतः म्हणत असे की त्याच्या लेखी ही राजकीय गोष्ट नव्हती, सद्सद्विवेकाची होती. पोलंडमधल्या आजच्या झेशुफ शहरात एका ज्यू कुटुंबात तो जन्मला, व्हिएन्नात वाढला, तरुणपणी अमेरिकेत आला. आईवडील मागे राहिले आणि नाझींच्या हातून मारले गेले. शेजारी दार लावून घेतात तेव्हा काय होतं, हे त्याला राजकारणाच्या पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

केन का थांबतो, याचं चोख उत्तर सिनेमात नाही, आणि मला ते फार आवडतं. बायकोला तो म्हणतो, ते मला पळायला लावताहेत आणि मी कधी पळालो नाही. पुढे माळरानावर गाठतील, हेही सांगतो. तबेल्यात हार्वी त्याच्यासाठी घोड्यावर खोगीर चढवतो, जा म्हणतो, तेव्हा केनच्या मनात खरंच चलबिचल होते. का थांबतोस, याचं उत्तर तो तिथे देतो: ठाऊक नाही. म्हातारा मार्टिन हाव, ज्याच्याकडे पाहून केन लहानपणापासून मार्शल व्हायचं ठरवत आला, तोही म्हणतो की हे सगळं कशासाठी, एका टिनच्या चांदणीच्या बिल्ल्यासाठी? संधिवातानं आखडलेली त्याची बोटं समोर दिसत असतात. केनकडे याही प्रश्नाला उत्तर नसतं. बारा वाजायला थोडा वेळ असताना तो टेबलावर बसून आपलं मृत्युपत्र लिहितो. त्याआधी काही क्षण डोकं हातांवर टेकून तो खचून जातो. १९५२ च्या वेस्टर्नमध्ये नायक असा मोडलेला दाखवणं ही लहान गोष्ट नव्हती.

या गावात स्पष्ट बघणाऱ्या दोनच व्यक्ती आहेत, आणि दोघी बायका आहेत. हेलन रामिरेझ, मेक्सिकन, एका दुकानाची आणि गुत्त्याची मालकीण. आधी मिलरची, मग केनची, आता हार्वीची. केटी हुरादोनं तिला जी ऐट दिलीय, तिच्यापुढे अख्खं गाव खुजं वाटतं. अशा गावात मेक्सिकन बाई म्हणून जगणं काय असतं हे ती एका वाक्यात सांगते आणि धंदा विकून गाडी धरायला निघते. केन गेला की हे गाव मरणार, हे ओळखणारी ती एकटी. दुसरी केनची बायको एमी, चित्रीकरणावेळी एकवीस वर्षांच्या असलेल्या ग्रेस केलीनं केलेली. ती क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची आहे, शस्त्राला हात लावायचा नाही हे तिचं व्रत. वरवर पाहता नवऱ्याला सोडून निघालेली रुसकी पोर. पण ती हेलनला सांगते: माझे वडील आणि भाऊ बंदुकीनं गेले. ते न्यायाच्या बाजूनं होते, पण गोळ्या सुटल्यावर त्याचा काही उपयोग झाला नाही. भाऊ एकोणीस वर्षांचा होता. तेव्हापासून ती या व्रताकडे वळली. गावातल्या इतर कुणाचंही कारण या कारणाइतकं मोठं नाही. आणि तीच एक गाडीतून उतरून परत धावते, खिडकीतून एका गुंडावर गोळी झाडते, पाठीत. झिनेमान त्यानंतर तिचा चेहरा लपवत नाही. नवरा वाचला म्हणून आनंद करावा असं त्या चेहऱ्यावर काहीही नाही. तिनं किती दिलंय ते तिथे लिहिलेलं आहे, आणि त्या दिवशी हेडलीव्हिलमध्ये एवढं कुणीही दिलं नाही.

फोरमननं इंग्लंडमध्ये बसून ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या पटकथेवर काम केलं. तिला ऑस्कर मिळालं ते पिएर बूल या मूळ कादंबरीकाराच्या नावानं, कारण फोरमन आणि मायकेल विल्सन या दोघांचीही नावं काळ्या यादीत होती. अकादमीनं त्या दोघांना ते श्रेय दिलं तेव्हा १९८४ साल उजाडलं होतं. विल्सन आधीच गेला होता, फोरमनही त्याच वर्षी गेला.

त्यानंतर पाच वर्षांनी, झिनेमानच्या जन्मदेशात एक पोस्टर भिंतींवर लागलं. टोमाश सार्नेत्स्की या तरुण चित्रकारानं केलेलं. ‘हाय नून’मधला गॅरी कूपर समोरून चालत येतोय, छातीवर मार्शलच्या बिल्ल्याच्या वर सॉलिडॅरिटी या सत्ताविरोधी कामगार संघटनेचा बिल्ला आहे, मागे तिची लाल अक्षरं आहेत आणि हातात पिस्तुलाऐवजी मतदानाचा कागद. खाली तारीख: ४ जून १९८९. पोलंडच्या कम्युनिस्ट सत्तेखालच्या त्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहाच्या फक्त १६१ जागा खुल्या ठेवलेल्या होत्या, वरिष्ठ सभागृहाच्या सगळ्या १००. दोन फेऱ्यांनंतर सॉलिडॅरिटीनं १६१ पैकी १६१ आणि १०० पैकी ९९ जिंकल्या. एका कम्युनिस्ट म्हणून हाकललेल्या लेखकानं रचलेला माणूस कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उभा राहिला, आणि या वेळी लोक घराबाहेर पडले.